गच्चीतली कुंडी

शर्वरीचा हात उकळत्या तेलाने भाजला, पण तिच्या खिडकीतल्या कोरफडीत तिची त्वचा अजून पुरेशी वाढलीच नव्हती.

“गच्चीत बाबांची कोरफड आहे ना? बापाची त्वचा लेकीला चालेल,” डॉक्टर म्हणाले.

माणूस गेलं की त्याची कोरफडही उपटून टाकायची, अशी रीत होती. दिगंबर गेला तेव्हा त्याच्या बायकोचं, मृदुलाचं, मन धजावलं नव्हतं. आता तिनेच ती उन्हाने लालसर झालेली जाड पानं बुडापासून कापून दिली.

पट्टी सुटली तेव्हा शर्वरीच्या कोवळ्या मनगटावर रापलेला, सावळा तुकडा होता.

“आई, हे माझं वाटतच नाही गं.”

मृदुलाने हातावरून हळूच बोट फिरवलं. बाकी हात तसाच राहिला. तेवढ्या तुकड्यावर मात्र काटा आला, तिच्या स्पर्शाने दिगंबरच्या हातावर यायचा तसा.