पुलावरचा वैद्य

"पूल मधोमध तुटलाय," चष्मेवाल्याने सांगायला सुरुवात केली. "खाली दरी. तुमच्या सोबतचा वैद्य एका हाताने दोराला लटकतोय. मागून शत्रू येतायत. काय करता?"

पाच महिन्यांत सात जणांना त्याने हेच विचारलं होतं. समोर डुगडुगत्या स्टुलावर बसलेली नर्स आठवी. रविवारची दुपार, दुकानाचं शटर अर्धं खाली, आणि मागच्या खोलीत डोळे तपासायच्या तक्त्याखाली खेळाचं टेबल मांडलेलं.

खेळ तसा सोपा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं; आकडा मोठा पडला तर जमलं. बारा वर्षं चौघं जण खेळत होते: गोष्ट सांगणारा चष्मेवाला, त्याचा धाकटा भाऊ, शाळेतल्या बाई आणि किल्लीवाला. वैद्य व्हायचा तो धाकटा. पूल तुटला त्या रविवारी उशीर झाला म्हणून डाव तिथेच थांबवला होता. पुढच्या रविवारी धाकटा इस्पितळात होता. त्याच्या खुर्चीवर आता चष्म्यांच्या रिकाम्या डब्या ठेवलेल्या असायच्या, कोणी चुकून बसू नये म्हणून.

चौथा गडी म्हणून पारखलेले सातही जण नापास झाले होते. एकाने शत्रूच्या सरदाराशी आपल्या बहिणीच्या लग्नाची बोलणी लावली, एक जण दर दोन मिनिटांनी फोन बघत होता. पण ती आपली निमित्तं. कोणी दोर टाकला, कोणी स्वतःला झोकून दिलं, एका कॉलेजातल्या मुलीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. चष्मेवाला पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकायचा आणि सांगायचा, "पडला."

आज नर्स यायच्या आधी बाईंनी त्याला गाठलं होतं. "हे शेवटचं. ही पण नको असेल तर सरळ सांगा, आपण खेळ गुंडाळू. पण माणसं बोलावून बोलावून त्यांना हात हलवत परत पाठवायचं, हे आता बघवत नाही." रविवार गेला तर चष्मेवाल्याकडे उरणार काय होतं? पण त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं त्याला सोसणार नव्हतं.

"तो काय म्हणतोय?" नर्सने विचारलं.

"कोण?"

"वैद्य. लटकतोय ना, तो. मी आधी त्याला विचारते. बाबा रे, तुला काय हवंय?"

बाईंनी मान वर केली. सातांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं. आणि ज्याला खेळाडू नाही त्याच्या तोंडचं बोलणं गोष्ट सांगणाऱ्याने बोलायचं, हा तर त्यांचा नियमच होता.

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"म्हणतोय, दादा, मला घरी ने."

किल्लीवाला टेबलाकडे बघत राहिला. त्याला ठाऊक होतं. इस्पितळात तीन दिवस धाकट्याने हाच धोशा लावला होता, आणि चष्मेवाला म्हणत होता, पुढच्या आठवड्यात नेऊ. चौथ्या दिवशी फोन आला तेव्हा तो याच खोलीत कोणाच्या तरी चष्म्याच्या काचा घासत होता.

"मग नेते की," नर्स म्हणाली. "शत्रू आले तर येऊ देत. मी हात देते त्याला."

चष्मेवाल्याने फासा उचलला आणि तो आडोशामागे न्यायला गेला. पाच महिने तो खोटं बोलत होता. तिथे एकदा अठरा पडले होते, त्या कॉलेजातल्या मुलीला तर एकोणीस. आपल्याला जे जमलं नाही ते एका परक्याने एका फाशात करून दाखवावं, हे त्याला सहन झालं नव्हतं. म्हणून दर वेळी त्यानेच धाकट्याला पाडलं होतं.

त्याने आडोसा घडी करून बाजूला ठेवला आणि फासा नर्सच्या हातात दिला. "तुम्हीच टाका. अकरा तरी हवेत."

फासा टेबलावरून घरंगळत गेला, चष्म्याच्या नंबरांच्या वहीला लागला आणि थांबला.

चार.

"पडला," किल्लीवाला हळूच म्हणाला.

चष्मेवाल्याने नुसती मान हलवली. या वेळी वैद्याला कोणी पाडलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

मग त्याने खणातून धाकट्याचा खेळातला कागद काढला. वर लिहिलं होतं वैद्य, खाली उरलेली ताकद, आणि तिच्यापुढे धाकट्याने पेन्सिलीने काढलेला वाकडा सात. चष्मेवाल्याने त्या सातावर रेघ मारली आणि बाजूला शून्य काढलं. कागद परत खणात ठेवायला निघाला तेव्हा नर्स म्हणाली, "वेळ लिहायची असते, दादा."

"काय?"

"गेल्याची वेळ. आम्ही लिहितो. नाहीतर माणूस कागदावर तसाच राहतो."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि लिहिलं: चार वाजून दहा मिनिटं.

मग उठून त्याने खुर्चीवरच्या डब्या एकेक करून खाली ठेवल्या.

"इथे बसा," तो म्हणाला. "ते स्टूल डुगडुगतं."