पहिला खेळ

१९७८ साली कारंज्यात लखमीचंद शेठने मुंबईहून टीव्ही आणि त्याला जोडायचा खेळ आणला. तोवर गावात कोणी टीव्ही पाहिलेला नव्हता. पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी वळवळत असे. शालिग्राम मास्तर महिनाभर त्यापुढे बसून बटण फिरवत राहिले आणि चाहत्यांनी त्यांना अजिंक्य ठरवले.

मग अकोल्याचा मेकॅनिक येऊन गेला आणि दुसरा खेळ सुरू झाला. दोन फळ्या, एक चेंडू. शेठाणी गुलाबबाईंनी मास्तरांना ओळीने सात डाव हरवले.

"हा पोरखेळ हाये," मास्तर म्हणाले. "पहिल्यात कला होती, कला!" चाहत्यांनी माना डोलावल्या.

"मास्तर, तवा खेळाची वायरच जोडेल नव्हती," गुलाबबाई म्हणाल्या.



"मंग काढा ना थे वायर!" चाहते ओरडले.