नीलमच्या स्मरणार्थ

आपल्याच स्मरणार्थ बांधलेल्या आश्रमाच्या ओट्यावर नीलम बसली होती. आणि तिची आई, जतनबाई, हातात साड्यांचा गठ्ठा घेऊन फाटकातच खिळली होती.

पोर पन्नाशीची दिसत होती. वय जेमतेम बत्तीस. कपाळ उघडं, पायात चप्पल नाही, छातीत खोकल्याची घरघर.

पंच्याण्णव साली ती महाळुंग्याच्या एका शेतकऱ्याच्या पोराशी पळून जाऊन लग्न करून मोकळी झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी, माणिकचंदशेठनी, तिच्या नावानं आंघोळ केली. तेवढ्यावर थांबले असते तर ते शेठ कसले! आळे गावात रस्त्याकडेला जागा घेतली, घडीव दगडाचा चौथरा घातला, निराधार बायकांसाठी एका ओळीत सहा खोल्या काढल्या. पुढे कमानींचा व्हरांडा. कमानींचा गुलाबी दगड खास राजस्थानातून आणला. दारावर संगमरवरी पाटी: ‘कै. कु. नीलम माणिकचंद हिच्या स्मरणार्थ’. कुमारी! जावयाचं नावसुद्धा दगडाला लागू दिलं नाही. गावाला सगळं ठाऊक होतं, पण दान करणाऱ्याच्या तोंडावर कोण बोलणार? दरवर्षी ती पळाली त्या तिथीला इथल्या म्हाताऱ्यांना साड्या वाटायच्या, जतनबाईंच्या हातानं. लोक म्हणायचे, केवढं मोठं मन आईचं! जतनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

“नवरा गेला. सासरच्यांनी हाकलली म्हणं,” रखवालदार गेणभाऊ सांगत होता. तो भीमाशंकरकडचा, यंदाच कामाला लागलेला; त्याला काय माहीत? “एक खोली मोकळी हाये, शेठाणीबाई. पण शेठचा नियम हाये न्हवं, जिला कुणीच न्हाई तिलाच ठेवायची.”

माणिकचंदशेठ गाडीतून उतरले. त्यांनी ओट्याकडे पाहिलं. लेकीला ओळखलं. मग चष्मा काढून रुमालानं पुसायला लागले, ते पुसतच राहिले.

जतनबाईंना संताप आला. नवऱ्याचा, त्या पाटीचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. बास झालं! आज सांगायचं, ही माझी लेक आहे म्हणून. चारचौघांत सांगायचं आणि हाताला धरून घरी न्यायचं. शेठनी घराबाहेर काढलं तर दोघी मिळून निघू. गठ्ठा तिथंच टाकून त्या तरातरा ओट्याशी गेल्या.

गेणभाऊ नीलमला विचारत होता, “ताई, म्हायेरी तरी कुणी हाये का? आई, बाप?”

नीलमनं मान वर केली. आईकडे पाहिलं. सावकाश, डोळे भरून पाहिलं. जतनबाईंनी बोलायला तोंड उघडलं, पण नीलम आधी बोलली.

“आई व्हती,” ती म्हणाली. “लई वर्सं झाली तिला जाऊन.”