ओवीची त्वचा

ओवीच्या अंगाला साधं तेल लावलं तरी लाल चट्टे उठायचे. म्हणून तिच्या त्वचेचा एक तुकडा प्रयोगशाळेत वाढवला होता. बाळाला त्रास न होता तेलं, मलमं आधी त्यावर लावून बघता यायची.

दीड महिन्याने ओवीच्या आईला, हेमांगीला, तिथून बोलावणं आलं. तिथल्या इंगळेबाई खुशीत होत्या. "हे तेल सोसलं बघा तिला. बाळाला नाही आणलंत?"

"ती गेली. न्यूमोनिया झाला होता. तीन आठवडे झाले."

इंगळेबाईंनी हातातली तेलाची वाटी खाली ठेवली.

हेमांगीने विचारलं, "तो तुकडा जिवंत आहे अजून?"

"आहे. बंद ठेवला तर वर्षभर जगेल. उघड्या हाताने शिवलात तर जंतू लागून दोन दिवसांत मरेल."

"वर्षभर कुणासाठी जगवायचा?"

इंगळेबाईंनी काचेच्या बशीचं झाकण काढून दिलं. तुकडा नखाएवढा होता, कोमट. हेमांगीने बोट तेलात बुडवलं आणि लेकीला मनासारखं तेल लावलं, अगदी हलक्या हाताने, बराच वेळ.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरात कुणालाही न सांगता तिने पुन्हा सुतकाची अंघोळ केली.