उरलेला अर्धा तास

खट् असा आवाज आला आणि रेकॉर्डिंग तिथंच संपलं.

सरांनी रेकॉर्डर उचलून बटण पुन्हा दाबलं, कानाशी धरला. गोल मांडलेल्या खुर्च्यांवरचे बाकीचे शिकाऊ समुपदेशक आपापल्या वह्यांत डोकं खुपसून बसले. यंत्र बिघडलेलं नाही, हे सगळ्यांना कळलं होतं.

"पुढचं कुठंय?" सरांनी विचारलं.

"पुढचं नाही," दवंडी म्हणाली. "मी बंद केला."

दवंडी हे तिला नणंदेनं ठेवलेलं नाव. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे घरात सर्वमान्य होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काही नव्हतं. जावेला दिवस गेल्याची बातमी दिराच्या आधी शेजारणीला कळली, ती हिच्यामुळेच. वर्गालाही हे टोपणनाव माहीत झालं ते पहिल्याच दिवशी तिनं स्वतःहून सांगितलं म्हणून. पन्नाशीला टेकल्यावर तिनं समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात नाव घातलं, तेव्हा घरात हसून हसून पुरेवाट झाली होती. "तू लोकांची गुपितं ऐकणार? मग काय, गावाला फुकट करमणूक," असं नणंद म्हणाली. ते दवंडीला फार लागलं. नणंदेच्या नाकावर टिच्चून ती सर्टिफिकेट बाहेरच्या खोलीत लावणार होती. त्याला आता हे एकच रेकॉर्डिंग आडवं होतं.

इथली पद्धतच तशी होती. शिकाऊ माणसानं क्लायंटच्या परवानगीनं अख्खी बैठक रेकॉर्ड करायची, ती वर्गात सगळ्यांसमोर ऐकवायची, आणि सरांनी तिची चिरफाड करायची. शेवटचं रेकॉर्डिंग मंजूर झालं की सर्टिफिकेट. नाही झालं, तर सहामाही पुन्हा पहिल्यापासून.

दवंडीच्या रेकॉर्डिंगचा पहिला भाग सगळ्यांनी आत्ताच ऐकला होता. तिच्याकडे आलेली बाई तुटक बोलत होती. काहीही विचारलं की "ठीक आहे" म्हणत होती. मग एकदम म्हणाली, "मी कुणापाशी काही बोलले ना, की संध्याकाळपर्यंत ते चौघांच्या तोंडी असतं. बहिणीला सांगितलं, तिनं आईला सांगितलं, आईनं सगळ्यांना. माझ्या भल्यासाठीच." आणि मग, अगदी हळू, "ते बंद कराल का?"

त्यानंतर तो खट् आवाज.

"परवानगी दिली होती ना तिनं?" सर म्हणाले.

"दिली होती. मग काढून घेतली."

"मग बंद केलात ते बरोबरच केलंत." सर माणूस म्हणून वाईट नव्हते. "पण पुढं काय झालं ते तोंडी सांगा. मी तेवढ्यावर मंजूर करीन. इथलं बाहेर जात नाही, तुम्हाला माहीत आहे."

"मला आहे. तिला नाही."

"तिच्या जिवाला काही धोका?"

"तसं काही दिसलं नाही. दिसलं असतं तर तेव्हाच तुमच्याकडे पळत आले असते. तसं तिलाही सुरुवातीलाच सांगून ठेवलंय."

"मग विषय काय होता, एवढं तरी?"

"नाही सांगणार, सर."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अहो, शिकवणाऱ्याला सांगणं म्हणजे चहाडी नव्हे. तुम्ही त्या खोलीत काय केलंत ते मला कळणार कसं? डोळे मिटून सही करू?"

"नका करू."

शेजारच्या मुलीनं तिला कोपरानं ढोसलं. "ताई, सांगून टाका ना. एका वाक्याचा तर प्रश्न आहे."

एकाच वाक्याचा प्रश्न होता, हे त्या मुलीपेक्षा दवंडीला जास्त ठाऊक होतं. तिची जीभ शिवशिवत होती. आयुष्यभर जिला कधी आवर घातला नाही, ती जीभ आज दातांमागं धरून ठेवताना तिला घाम फुटला होता. तिला रडूही येत होतं आणि रागही येत होता, सरांचा नव्हे, त्या बाईच्या बहिणीचा, आईचा, आणि थोडा स्वतःचाही.

"सहामाही पुन्हा करावी लागेल," सर म्हणाले.

"करीन," दवंडी ताठ बसून म्हणाली. "आणि पुन्हा कुणी बंद करा म्हणालं, तर पुन्हा बंद करीन."

जिना उतरताना नणंदेचा फोन आला. ती सकाळपासून वाटच बघत असणार.

"झालीस का पास?"

"नाही."

"अगं, का?"

"एक गोष्ट विचारली, ती सांगितली नाही म्हणून."

"तू?" नणंद म्हणाली. "तू सांगितली नाहीस? एवढं काय होतं त्यात?"

"घरी आल्यावर भाजी मी करते, तू कणीक मळून ठेव," असं म्हणून दवंडीनं फोन बंद केला.

त्यात होतं तरी काय? रेकॉर्डर बंद झाल्यावर ती बाई उरलेला अर्धा तास एक अक्षरही बोलली नव्हती. टेबलावरच्या त्या मुक्या यंत्राकडे आणि मधूनमधून दवंडीच्या तोंडाकडे बघत ती नुसती बसून राहिली होती. वेळ संपल्यावर उठली, दारापर्यंत गेली आणि मागं न वळता एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी सांगते."