गच्चीवरून हाक

सीताबर्डीवर नवी आठमजली इमारत झाली, तेव्हा तिच्या गच्चीवरून शहर पाहायला खेड्यापाड्यांतून लोक येऊ लागले. काटोलकडची प्रयागबाई मात्र आली ती नवरा शोधायला. दिवाळीत घर सोडून गेलेला तिचा माणूस बर्डीच्या बाजारात दिसतो, असं कोणी तरी तिला सांगितलं होतं. सकाळपासून ती कठड्याला धरून खालची गर्दी न्याहाळत होती.

"इतक्या वरून माणूस ओळखू येते का वं बाई?" लिफ्टवाला म्हणाला. "हाक मार ना त्याले."

"कशी मारू गा? नवऱ्याचं नाव आजवर तोंडानं घेतलं नाही."

"मंग राह्य पाहत."

उन्हं उतरली. गच्ची बंद करायची म्हणून लिफ्टवाला घाई करू लागला. तेव्हा प्रयागबाईनं कठड्यावरून वाकून, सगळा जीव गोळा करून, जन्मात पहिल्यांदा ते नाव घेतलं.

"चंद्रभानराव, घरी चला जी!"

खालचा अख्खा रस्ता थबकला आणि माना वर करून पाहू लागला.



एकाच माणसानं वर पाहिलं नाही. तो मान खाली घालून झपाझप शेजारच्या गल्लीत शिरला.