यंत्रांपाशी

जन्मापासून बहिरी असलेली प्रणिता अपंगांच्या कोट्यातून सूतगिरणीत लागली. "कोटा भरायचा म्हणून घेतलीय, पॅकिंगला बसवा," असं चौगुलेसाहेब म्हणाले, ते तिनं त्यांच्या ओठांवरून वाचलं. पॅकिंगच्या शांत खोलीत बायका खाली मान घालून काम करता करता गप्पा मारायच्या. कुणाचेच ओठ दिसायचे नाहीत, म्हणून तिला त्यात शिरता यायचं नाही. डबाही ती एकटीच खायची.

एके दुपारी कातणीच्या यंत्रांवर बायका कमी पडल्या आणि साहेबांनी तिला तिकडं धाडलं. आत पाऊल टाकताच फरशीची थरथर तिच्या अंगात चढली. तिथल्या गोंगाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं. सगळ्याजणी हातांनी आणि ओठांनीच बोलत होत्या. पलीकडच्या रांगेतून शमशादनं बोटं तोंडाशी नेऊन विचारलं, जेवलीस का? प्रणितानं हातांनीच उत्तर दिलं, शिवाय आईनं आज आमटी किती खारट केली होती तेही करून दाखवलं. शमशाद पोट धरून हसली.

पाळी सुटल्यावर दाराबाहेर साहेब म्हणाले, "उद्यापासून परत पॅकिंगला जा." प्रणितानं पहिल्यांदाच त्यांना मानेनं नाही म्हटलं. शमशाद पुढं झाली. "साहेब, हिला हितंच राहू दे. आमच्यात हीच सगळ्यात नीट बोलती."

साहेबांनी दोघींकडं पाहिलं. "बरं," ते म्हणाले.

एवढासा शब्द, आपण चुकीचा तर वाचला नाही ना, म्हणून प्रणिता शमशादकडं वळली. शमशाद हसत मान डोलावत होती.